हौसाआत्याचा प्रस्ताव

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लेखक नाही. नगरच्या एका कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. आजवर जे लिहिलं ते परीक्षेत, आणि तेही विचारलं तेवढंच. कुणी न विचारता एखाद्या माणसाबद्दल लिहायचं, त्यातून घरच्याच माणसाबद्दल, याचा मला कितपत अधिकार आहे हे मला ठाऊक नाही. पण गेल्या वर्षभरात आमच्या हौसाआत्याने मला इतक्या वेळा हादरवलं आहे की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

हौसाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. ती माणसं तोंडावरून ओळखत नाही, ताटावरून ओळखते. देवळाली प्रवरेच्या अलीकडे आमची माळवस्ती आहे. तिथल्या पहिली ते चौथीच्या शाळेत तिने बावीस वर्षं खिचडी शिजवली. त्या बावीस वर्षांत जेवून गेलेलं प्रत्येक पोर तिच्या डोक्यात वाट्यांच्या हिशेबात बसलेलं आहे. एखादा दाढीमिशावाला बाप्या पोराला घेऊन समोर आला की ती डोळे बारीक करते आणि म्हणते, "आदिनाथ न्हवं का तू? दोन वाट्या, आन् वर पातेल्याची खरवड." आदिनाथ पोरासमोर लाजतो. मी स्वतः दीड वाटी, हिंगाचा वास आला की तोंड वाकडं करणारा.

एकदा एका लग्नात आम्ही आहेर करायला स्टेजवर गेलो. नवरदेव चांगला बँकेत नोकरीला. आत्याने त्याला नीट न्याहाळलं आणि नवरीकडे वळून मोठ्याने म्हणाली, "पोरी, जेवताना ह्याच्या शेजारी बसू नको. हा वाटाणे येचून दुसऱ्याच्या ताटात टाकतो." फोटोग्राफरने नेमका तेव्हाच फोटो काढला. त्या फोटोत नवरी हसते आहे, नवरदेव नाही, आणि मी कुठे बघतो आहे ते मलाही सांगता येणार नाही.

तिचा ठेवणीतला शब्द म्हणजे 'झाकण'. घाई केली की "झाकण काडू नको, वाफ जाईल." एखादी गोष्ट बाहेर फुटू द्यायची नसली की "झाकण ठेव." कुणी फार बोलायला लागलं तर नुसतंच "झाकण!"

गेल्या वर्षी आमच्या वस्तीवरची शाळा बंद झाली. पट सहावर आला होता. गुरुजींची बदली झाली आणि सहाही पोरांची नावं गावातल्या शाळेत टाकली. गाव वस्तीपासून तीन किलोमीटर. मध्ये कालवा आणि उसाच्या ट्रॅक्टरचा रस्ता. पहिल्या महिन्यात सहाही पोरं गेली, दुसऱ्या महिन्यात चार. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आलो तेव्हा दोघंच जात होती, आणि राहिलेल्या चौघी, सगळ्या मुली, शेळ्यांमागे होत्या.

त्या सुट्टीत आत्या आमच्या ओट्यावर आली. हातात दोनशे पानी वही आणि नवा पेन. म्हणाली, "सागर, लिही. शाळा काडायची हाय."

मला वाटलं बंद शाळा उघडण्यासाठी अर्ज करायचा असेल. मी 'मा. महोदय' लिहिलंसुद्धा.

"ती न्हाई. नवी. आपल्या हातानं चालवायची. सरकार तशी परवानगी देतं. म्या इचारून आले."

"कुणाला विचारून आलीस?"

"नगरला. कचेरीत."

आत्या त्याआधी एकटी राहुरीच्या पलीकडे गेलेली मला माहीत नव्हतं. ती म्हणत होती ती म्हणजे सरकारी अनुदान न घेता चालवायची, स्वयंअर्थसहाय्यित शाळा. हा शब्द मला एका दमात म्हणता येत नव्हता. तिला तर अजिबात म्हणता येत नव्हता, पण तिला तो म्हणायचाच नव्हता, तिला शाळा काढायची होती.

प्रस्तावाला नोंदणी केलेली संस्था लागते. ती तिने बचत गटातल्या बायका घेऊन आधीच तयार ठेवली होती. कागद माझ्यापुढे ठेवला. अध्यक्ष हौसाबाई. आणि सचिव म्हणून माझं नाव, माझी सही, जी मी केलेली नव्हती.

"आत्या, ही सही कुणी केली?"

"तूच. मागच्या गणपतीत. येका कागदावर तुझी सही घेतली हुती का न्हाई?"

"तू रेशनचा अर्ज आहे म्हणालीस!"

"मंग काय सांगू? शाळेचा म्हनाले असते तर तू दोन दिवस इचार केला असता." आणि हे खरं होतं. प्रस्तावासाठी बँकेत जी ठेव ठेवावी लागते तिचं कसं करणार असंही मी विचारलं. ती म्हणाली, "बायकांनी बघितलंय. झाकण." बायकांनी ते कसं बघितलं, हे सचिव असूनही मला आजतागायत कळलेलं नाही.

आम्ही रोज दुपारी तिच्या घरी बसून प्रस्ताव लिहायला लागलो. तिला वाचता येत नाही. सही येते, तीही चित्र काढावं तशी. पण पहिल्याच दुपारी मला दुसरा धक्का बसला. अभ्यासक्रमाच्या रकान्यात काय लिहावं म्हणून मी अडलो होतो, तर ती कांदा चिरता चिरता चौथीचं सगळं म्हणायला लागली. प्रवरा कुठे उगम पावते, जिल्ह्याचे तालुके किती, पाण्याच्या तीन अवस्था कोणत्या. शाळेचं स्वयंपाकघर म्हणजे वर्गाच्या भिंतीला टेकवलेली पत्र्याची शेड. बावीस वर्षं ती भिंतीच्या अलीकडे बसून ऐकत होती.

मात्र तिने जे ऐकलं ते सगळंच पाठ केलं होतं. गुरुजींचा आवाज, पोरांचा कोरस, मधली बोलणी, सगळं एकाच चालीत. "सात पंचे पस्तीस, गण्या खिडकीतनं काय बघतो, सात सक बेचाळीस, साती साती एकोनपन्नास, हात पुढं कर." मी म्हणालो, "आत्या, 'हात पुढं कर' हे पाढ्यात नसतं." तिने चिरणं थांबवलं. तिला ते मनापासून पटलं नाही. "बावीस वर्सं तितंच येतंय," ती म्हणाली.

वेळापत्रकाच्या रकान्यात तिने मला दोन वेळापत्रकं लिहायला लावली. एक दिवसाच्या लाइटीचं आणि एक रात्रीच्या लाइटीचं. शेतीला वीज एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री. मी म्हणालो, असं चालत नाही, सगळीकडे शाळा ठरलेल्या वेळेत भरते. ती म्हणाली, "सगळीकडं भरती म्हनून तर पोरं येत न्हाईत." मी लिहिलं. सचिव होतो.

मग जागेचा रकाना आला.

तोवर मला सगळ्या प्रकाराची गंमत वाटत होती. कुठल्या तरी देवळामागची जागा सांगेल असं धरून मी म्हणालो, "गट नंबर सांग." तिने सांगितला. पोटहिस्सा दोन, वीस गुंठे.

माझा हात थांबला. तो गट मला पाठ होता, कारण त्याचा पोटहिस्सा एक आमचा आहे. आत्या तिशीच्या आतच विधवा होऊन माहेरी परत आली. तिला मूलबाळ नाही. आजोबांनी तिच्या नावावर हे वीस गुंठे केले, त्याच तुकड्यावर तिचं दोन खोल्यांचं घर. शेजारचे वीस गुंठे आमच्या दादांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे. आमचं मोठं रान ओढ्याकडे आहे, पण रस्त्याला लागून असा हा एवढाच तुकडा. आत्यानंतर तो आपल्याकडेच येणार, दोन्ही मिळून एकर होईल, मग तिथे सागरसाठी घर बांधू, असं दादा मी सातवीत असल्यापासून बोलत होते. ते आत्यासमोरही बोलत. ती ऐकून घेत असे.

लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणी माझ्या मनात शाळा आली नाही, शेळ्यांमागच्या पोरी आल्या नाहीत. माझं घर आलं. पायऱ्यांसकट.

"दादांना सांगितलंस?" मी विचारलं.

"न्हाई."

"आत्या, दादा..."

"तुला जड जात आसंल तर राहू दे. म्या दुसऱ्याकडनं लिहून घेती. राग न्हाई."

ती हे इतक्या साध्या आवाजात म्हणाली की मला पेन खाली ठेवता येईना आणि उचलताही येईना. शेवटी मी लिहिलं. अक्षर खराब आलं. त्या पानावरचं अक्षर बाकीच्या प्रस्तावासारखं नाही, हे मला अजून दिसतं.

दादांना मी काही सांगितलं नाही. धीरच झाला नाही. त्यांना ते राहुरीला चहाच्या टपरीवर कळलं. तहसीलमध्ये कामाला गेलेल्या कुणीतरी सांगितलं, की तुमच्या बहिणीने जमीन संस्थेच्या नावावर करून दिली, आणि खाली सचिव म्हणून तुमच्याच पोराची सही आहे. दादा घरी आले, त्यांनी चप्पल काढली, पाय धुतले आणि मला विचारलं, "तुझीच सही हाय?"

ती सही मी केली की नाही, याचं खरं उत्तर फार लांबलचक होतं. मी म्हणालो, "हो."

त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतं बोलायचे आणि आत्याशी तेवढंही नाही. तिच्या अंगणासमोरून मोटरसायकल नेताना ते समोर बघत. आत्या मात्र रोज हाक मारायची, "भाऊ, चा घे रं!" जणू काही झालंच नाही. मोटरसायकल पुढे निघून जायची. ती म्हणायची, "घाईत हाय."

जानेवारीत नगरच्या कचेरीतून प्रस्तावावर बोलावणं आलं. आम्ही सकाळच्या एसटीने गेलो. साहेब मध्यमवयीन, शांत. शेजारच्या टेबलावर एक तरुण क्लार्क. आमच्या आधी दोन मोठ्या संस्थांचे लोक बसले होते. त्यांच्या फायली रंगीत, इमारतीचे नकाशे, वर मुलांचे हसरे फोटो. आमची दोनशे पानी वही. तिच्या एका कोपऱ्याला हळदीचा डाग होता आणि तो मी सारखा बोटाने झाकत होतो.

"बाई, अध्यक्ष तुम्हीच?" साहेबांनी विचारलं. "शिक्षण किती?"

"चौथी."

"कधी झाली?"

"अजून झाली न्हाई. बावीस वर्सं चालू हाय."

क्लार्क हसला आणि मान वळवून खिडकीबाहेर बघायला लागला. मी भिंतीपलीकडून ऐकण्याचं वगैरे सांगायला गेलो, पण माझं वाक्य 'म्हणजे' च्या पुढे सरकेना. साहेब गमतीने म्हणाले, "बरं, मग सातचा पाढा येत असेल."

आत्या उठून उभी राहिली. हात मागे बांधले आणि सुरुवात केली. पंचवीस माणसांच्या त्या कचेरीत तिचा आवाज असा घुमला की बाहेरच्या व्हरांड्यातले लोक दारात आले. "...सात चोक अठ्ठावीस, सात पंचे पस्तीस, गण्या खिडकीतनं काय बघतो..." क्लार्कने दचकून मान आत घेतली आणि समोरची फाईल उघडली. त्याचं नाव गणेश होतं, हे त्याच्या टेबलावरच्या पाटीवर मी नंतर वाचलं. "...सात सक बेचाळीस, साती साती एकोनपन्नास, हात पुढं कर..." दारातल्या शिपायाने खरोखर हात पुढे केला. मी हे बढाई म्हणून लिहीत नाही, मी पाहिलं ते लिहितो.

साहेब हसले नाहीत. त्यांनी वही जवळ ओढली. वेळापत्रकाच्या पानाशी थांबले. "ही दोन कशी? आणि शाळेत लाइटीचा काय संबंध?"

"सायेब, दिवसा लाइट आसली की बाप मोटर चालू करून दारं धरतो, पानी फिरवतो. आई खुरपायला. मंग धाकटं पोर कोन संबाळनार? थोरली पोरगी. तवा शाळा सकाळी सातला, धाच्या आत मोकळी. रातची लाइट आसली की बाप रातभर रानात, सकाळी झोपलेला. घरात आवाज नको, पोरगी चुलीपाशी. तवा शाळा अकराला. पोरगी बरुबर येती. आमी मोजलंय."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि त्या पानावर समासात काहीतरी लिहिलं. काय ते मला उलटं वाचता आलं नाही. मला तेव्हा वाटलं, होतंय. खरंच होतंय.

मग त्यांनी जागेचं पान उघडलं आणि बराच वेळ त्यावर बोट ठेवून बसले.

"बाई, ग्रामीण भागात एक एकर लागते. तुमचे वीस गुंठे आहेत. निम्मी."

"पोरं पन निम्मीच हायेत, सायेब."

"नियम पोरांवर नाही, जागेवर आहे. उरलेले वीस गुंठे लागून असतील तर आणा, मी पुढे पाठवतो. नसतील तर मला हा परत करावा लागेल."

लागून होते. कुणाचे होते ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी आत्याकडे बघितलं. तिने वही उचलली, पदराने पुसली आणि म्हणाली, "झाकण."

परतीच्या एसटीत ती वही मांडीवर धरून बसली होती. दादांना विचारू का, असं मी चाचरत म्हणालो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्येच्या वाट्याचं आदीच लई घेतलंय म्या. आता न्हाई मागायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी न सांगता तिच्या घरी गेलो. समजूत काढावी असं मनात होतं, पण ती कशी काढतात हे मला येत नव्हतं. दार उघडंच होतं. आत्या चुलीपुढे पाटावर बसली होती. तिच्यासमोर शाळेतल्यासारखं मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं, आणि ते काठोकाठ खिचडीने भरलेलं. मला वाटलं कुणी पाहुणे येणार आहेत.

"कोण येणारंय, आत्या?"

ती एकदम ओशाळली. चोरी करताना सापडावं तशी. पदर पातेल्यावर ओढायला गेली, पण पातेलं मोठं होतं.

"कोन न्हाई रं," ती म्हणाली. "येकटीचं शिजवायला हातच बसत न्हाई. मूठभर घालायला जाते, आन् बघते तर येवढं झालेलं आसतं. लई परयत्न केला. वाटी घेतली, लहान पातेलं घेतलं. लहान पातेल्यात पानीच चुकतं. करपतं."

"रोज एवढं?"

"रोज."

"मग याचं काय करतेस?"

ती चुलीत बघत म्हणाली, "भाऊच्या म्हशीला घालते. तो रानात गेला की."

आमची म्हैस दिवाळीपासून पेंड का खात नाही, म्हणून दादांनी जनावरांच्या डॉक्टरला दोनदा बोलावलं होतं. मला हसू आलं. मी खाली बसलो. तिने न विचारता दीड वाटी वाढली, वरची हिंगाची फोडणी बाजूला सारून. शाळा बंद झाल्यापासून सात-आठ महिने ही बाई रोज दुपारी सगळ्या शाळेचं शिजवत होती, आणि आम्ही शंभर पावलांवर राहत होतो.

त्या संध्याकाळी दादा गोठ्यात धार काढत होते. मी मागे जाऊन उभा राहिलो. बरंच काही ठरवून गेलो होतो, कायदा, नियम, मुलींचं शिक्षण. तोंडातून निघालं ते एवढंच, "दादा, आत्याला एकटीचा भात लावता येत नाही. ती रोज सगळ्या शाळेचा लावते आणि आपल्या म्हशीला घालते."

दादांनी धार थांबवली नाही. बादलीतला आवाज तेवढा बदलला. मी आत निघून गेलो. दोन दिवसांनी मी नगरला हॉस्टेलवर परत आलो.

नंतर परीक्षा आल्या. फोन मी पेटीत टाकून ठेवला होता. शेवटचा पेपर झाल्यावर काढला तर आईचे अकरा मिस्ड कॉल. आत्या सत्तरीची आहे, एकटी आहे, पहिला विचार तोच येतो. पायऱ्यांवरच बसून फोन लावला.

"आत्या बरी आहे ना?"

"तिला काय धाड भरलीय," आई म्हणाली. "आरं, तुझे दादा परवा तलाठ्याकडं गेल्ते. आपला उतारा काडून आनला. मला वाटलं सोसायटीचं काम आसंल. तर काल सकाळी उठून तिच्या दारात जाऊन गाडी थांबवली, म्हनले, बस मागं. आन् दोघं गेली नगरला."

"नगरला? कशाला?"

"कशाला म्हंजी? आपले वीस गुंठे जोडून आले तिच्या अर्जाला. तुला इचारायचं हुतं त्येंना, पन तू फोनच उचलंना. म्हनले, त्येचं घर ओढ्याकडच्या रानात बांधू."

आजूबाजूला पोरं पेपरची उत्तरं जुळवत होती.

"सागर, हायेस ना रं?"

"हो. मग साहेब काय म्हणाले?"

"सायेबानं इचारलं, बाई अध्यक्ष, पोरगा सचिव, तुमचं ह्या शाळेशी नातं काय? तुझ्या आत्याची मान खाली. तिला वाटलं आता हे काय बोलत्यात. चार महिन्यांत तिच्याशी येक शबूद बोलले न्हवते." आईचा आवाज बदलला होता. "तर म्हनले, 'शाळेशी न्हाई, सायेब. हिच्याशी. मी हिचा धाकटा भाऊ.'"